भरदार दिसणारी फ्लाय हलकी कशी बांधतात

मासे धरण्यासाठी केसापिसांची बांधलेली, वीतभर लांब आणि मधोमध पंजाएवढी उंच फ्लाय कुणाच्या हातावर ठेवली, की माणूस आपोआप तळहात वरखाली करून तिचं वजन जोखतो. हाताला काही लागतच नाही. उजेडाकडे धरली तर आरपार दिसतं. आत जवळजवळ काही नाही, बाहेरच्या कडेला तेवढे विरळ केस. पाण्यात गेल्यावर मात्र तीच फ्लाय चांगली भरलेली मासळी वाटते आणि मोठा मासा तिच्यावर तुटून पडतो. हे कसं साधतात ते या लेखात उलगडून सांगते. सगळं तंत्र एका गोष्टीवर उभं आहे, म्हणून ती आधीच सांगून टाकते: फ्लायचा आकार केसांच्या संख्येने वाढत नाही, केस किती उभे राहतात त्यावर वाढतो.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं मागून सुरुवात करू. गळावर पिसं, केस, कृत्रिम तंतू धाग्याने आवळून जे खोटं आमिष तयार करतात ते म्हणजे फ्लाय. सुरुवातीला या फ्लाय ट्राउट माशासाठी होत्या आणि नदीवरच्या किड्यांसारख्या दिसायच्या, नखाएवढ्या. पुढे माणसं याच सामानाने समुद्रात मासे धरू लागली. समुद्रातला मोठा शिकारी मासा किडे खात नाही, मासे खातो. मग फ्लायनेही माशाचं सोंग घेतलं आणि तिची लांबी बोटभर, वीतभर, क्वचित त्याहूनही जास्त झाली. अडचण तिथूनच सुरू झाली.

अडचण फेकण्याची आहे. साध्या गळाला शिसं असतं किंवा आमिषच वजनदार असतं. ते भिरकावलं की दोरी त्याच्या मागे ओढली जाते. फ्लायच्या मासेमारीत वजन असतं ते लाइनला, म्हणजे फेकायच्या जाड दोरीला. काठीने आपण लाइन फेकतो आणि फ्लाय तिच्या टोकाला लटकून जाते. समुद्रावर सर्रास वापरतात त्या दहा नंबरच्या लाइनचे पहिले 30 फूट ठरलेल्या मापाप्रमाणे 280 ग्रेन भरतात, म्हणजे साधारण 18 ग्रॅम. हल्ली याहून जड लाइनही निघतात, पण हिशोब फारसा बदलत नाही. अठरा-वीस ग्रॅमच्या लाइनने पाणी पिऊन सहा-सात ग्रॅमची झालेली फ्लाय ओढून न्यायची म्हटलं, तर हवेत लाइनचा वळसा मोडतो, फ्लाय धपकन मध्येच पडते, आणि वारा समोरून असला तर थेट मानेवर येते. अणकुचीदार गळ मानेवर येणं ही किरकोळ गोष्ट नाही.

म्हणजे मागणी दुहेरी आहे. माशाला फ्लाय मोठी दिसली पाहिजे आणि फेकणाऱ्याला ती लहान वाटली पाहिजे.

आता मोठी म्हणजे नक्की कशी? मी न्यू जर्सीत राहते, तेव्हा इथलंच उदाहरण घेते. वसंतात, एप्रिल-मे महिन्यांत, मेनहेडन नावाच्या माशांचे थवे रॅरिटनच्या उपसागरात शिरतात. इथले कोळी त्याला बंकर म्हणतात. हा आपल्या तारली-पाल्याच्या नात्यातला मासा, तेलकट, चंदेरी, पोटाला खोल आणि अंगाने चपटा. पूर्ण वाढलेला सहज फूटभर भरतो. त्याच्या मागे स्ट्राइप्ड बास येतो, अंगावर काळ्या आडव्या रेघा असलेला, दहा-पंधरा किलोंचाही असणारा. असा बास बंकर गिळण्यात गुंतलेला असताना त्याच्यासमोरून बोटाएवढी बारीक फ्लाय नेली तर बहुतेक वेळा तो ढुंकून पाहत नाही. शरद ऋतूत बंकरची पिल्लं बाहेर पडतात. ती लांबीला जेमतेम चार बोटं असतात, पण अंगाची उंची तीच, आईबापांच्याच प्रमाणात. तेव्हा फ्लाय आखूड असली तरी तिला खोल पोट लागतं.

लांबी आणि भरदारपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या वेगवेगळ्या मोजायला शिकावं. शिकारी मासा बहुतेकदा खालून किंवा मागून येतो आणि वरच्या उजेडासमोर भक्ष्याची काळपट सावली पाहतो. कल्ला किती, खवले किती, डोळा केवढा, हे नंतरचं. पहिल्यांदा ठसते ती बाह्यरेषा. कोकणातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. ताटलीत बोय आणि तारली शेजारी ठेवली तर खवले न बघताही कोण कुठली ते कळतं. बोय गोल दंडासारखी, तारली बाजूंनी दाबलेली. रायगडच्या खाड्यांत बोयटांच्या मागे लागणाऱ्या जिताड्यासाठी फ्लाय बांधायची तर ती चारही बाजूंनी गोल हवी, आणि बंकरची नक्कल करायची तर वरखाली उंच पण समोरून अरुंद हवी. दोन्हींना तंत्रं वेगळी आहेत. फ्लाय बांधायला बसण्याआधी कुठल्या माशाची बाह्यरेषा हवी ते ठरवावं, आणि शक्य असेल तर तो मासा बाजारातून आणून ओट्यावर आडवा ठेवून नीट पाहावा.

नवशिक्या माणसाचा हात इथे हमखास एका दिशेने जातो. फ्लाय बारीक दिसतेय, मग आणखी एक बट घाला. अजून भरत नाही, आणखी घाला. केस गळाला समांतर पडलेलेच राहतात, एकावर एक बसतात, आणि जे तयार होतं ते पाण्यात ओल्या दोरखंडासारखं वागतं. जाडी वाढते, उंची वाढत नाही. भिजल्यावर तर जाडीसुद्धा उरत नाही, कारण पाणी सगळे केस एकमेकांना चिकटवतं. शिवाय प्रत्येक जादा केसाबरोबर पाणी धरून ठेवायला जागा वाढते.

केस फुलतात ते का

या कामातलं मुख्य सामान म्हणजे बकटेल. अमेरिकेतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाचे शेपटीवरचे केस. हरणाच्या केसाच्या आत हवेच्या बारीक पोकळ्या असतात. थंडीत ऊब टिकावी म्हणून निसर्गाने केलेली ही सोय फ्लाय बांधणाऱ्याच्या कामी येते. पोकळ केसावर धागा आवळला की तो तिथे दाबला जातो आणि दाबलेल्या जागेपासून पुढचा भाग वर उचलला जातो. याला आपण फुलणं म्हणू. भरीव केस आवळला तर नुसता आवळला जातो, फुलत नाही.

पण शेपटीवरचे सगळे केस सारखे नसतात, आणि माझ्या मते या विषयातली सगळ्यात उपयोगी माहिती ही आहे. एक शेपूट हातात घ्या. शेंड्याकडचे केस बारीक, सरळ आणि बरेच भरीव असतात, धागा आवळला तरी जवळजवळ जागचे हलत नाहीत. मधल्या भागातले थोडे फाकतात. बुडख्याकडचे, म्हणजे शेपूट जिथे अंगाला जोडलेली असते तिथले केस जाड आणि जास्त पोकळ. दोन वेढे ओढले की ते ताठ उभे राहतात. ज्याला बारीक सडपातळ फ्लाय बांधायची आहे तो शेंड्याकडचे घेतो. पेनसिल्व्हेनियाच्या बॉब क्लाउझर यांची जगभर चालणारी डीप मिनो ही फ्लाय अशा न फुलणाऱ्या केसांनीच नीटस होते. भरदार फ्लायसाठी बुडख्याकडचे केस हवेत. दुकानात पाकिटातली शेपूट निवडताना नुसती लांबी पाहून घेऊ नये. बुडख्याकडचा भाग रुंद आणि लांब केसांचा आहे का ते पाहावं. पुष्कळदा शेपटी दिसायला सुरेख असतात आणि कामाचे केस त्यात मूठभरही निघत नाहीत.

धागाही महत्त्वाचा. पातळ, कच्चा धागा लागेल तेवढा ताण घेत नाही. जोर लावला की तुटतो, आणि न लावला तर केस फुलत नाहीत. म्हणून मोठ्या फ्लायला जाड नायलॉन किंवा पॉलिएस्टरचा धागा वापरतात. हरणाच्या अंगावरचे केस आवळून फ्लायला गोल डोकं करायचं असेल तर जेल-स्पन धागा, कारण तो बारीक असून सहजी तुटत नाही. बोट कापेल एवढा ताण तो घेतो, तेव्हा जपून.

उलटं बांधणं

मोठी फ्लाय हलकी ठेवण्याचा शोध एका दिवसात लागलेला नाही. अमेरिकेतले मासेमारीचे लेखक जो ब्रूक्स यांच्या ब्लॉन्ड मालिकेतल्या फ्लायमध्ये बकटेलची एक बट गळाच्या मागे आणि दुसरी पुढे नेढ्यापाशी असायची. दोनच ठिकाणी केस, मधे काही नाही, तरी फ्लाय लांब आणि बऱ्यापैकी उंच दिसायची. मेरीलँडच्या लेफ्टी क्रे यांनी 1950च्या दशकाच्या अखेरीस चेसापीक उपसागरातल्या बाससाठी डिसीव्हर नावाची फ्लाय बांधली. तिच्यात लांब पिसं गळाच्या अगदी मागे बांधलेली असतात आणि पुढे केसांची गळपट्टी येते. पिसं मागे बांधल्याने ती फेकताना गळाच्या बाकाला गुरफटत नाहीत, हा तिचा मोठा गुण. ही फ्लाय इतकी रुजली की 1991मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने तिच्यावर तिकीट काढलं. मोठी, गुरफटणार नाही अशी आणि फेकायला सोपी फ्लाय हवी, ही मागणी तिने स्पष्ट मांडली. फक्त पाण्यात ओढताना ती सडपातळ होते. बंकरएवढं पोट तिला येत नाही.

ते पोट आणलं न्यू जर्सीच्या सीसाइड पार्कच्या बॉब पॉपोविक्स यांनी. इपॉक्सी आणि सिलिकोन फ्लायमध्ये आणण्याचं श्रेयही बऱ्याच अंशी त्यांचं. त्यांची पोकळ बांधणी म्हणजे केस उलटे बांधायचे आणि मग मागे वळवायचे. नेहमीच्या पद्धतीत केसांचे शेंडे मागे, गळाच्या बाकाकडे असतात. इथे ते पुढे, नेढ्याच्या पलीकडे काढतात. आवळून झालं की सगळे केस एकदम मागे ढकलायचे आणि ते परत पुढे येऊ नयेत म्हणून त्यांच्या मुळाशी धाग्याचा बांध घालायचा. वाऱ्याने छत्री उलटी होते तेव्हा काड्या जशा मुळाशी वळून बाहेर फाकतात, तसे हे केस फाकतात. त्यांचा कल पुढे जाण्याचा असतो, बांध त्यांना मागे धरून ठेवतो, आणि या ओढाताणीत ते गळापासून दूर तिरके उभे राहतात. आत पोकळी राहते.

एक टप्पा प्रत्यक्ष बांधून पाहू, कारण वाचून हे पटकन डोळ्यासमोर येत नाही.

गळ वाइसमध्ये, म्हणजे त्याला धरून ठेवणाऱ्या छोट्या शिकंज्यात, पक्का बसवा. मागच्या टोकाला आधी एक विरळ लांब बट नेहमीसारखी, शेंडे मागे ठेवून बांधा. ही झाली शेपटी, पूर्ण फ्लायमधली सगळ्यात लांब गोष्ट. आता बुडख्याकडची एक बट कापा, बॉलपेनच्या रिफिलएवढी जाड, त्याहून जास्त नको. बुडखे चिमटीत धरून फणीने विंचरा. खालची मऊ लव आणि आखूड केस गळून पडतील. ते राहिले तर बुंध्याशी गोळा होतो आणि केस सारखे फुलत नाहीत. शेंडे मात्र एका रेषेत आणू नका. निसर्गतः केस लहानमोठे असतात, तसेच राहू द्या. एका लांबीत कापल्यासारखी कडा आली की फ्लाय झाडूसारखी दिसते, मासा अशी कडा कुठेच पाहत नाही.

बट गळाच्या दांडीवर ठेवा, शेंडे नेढ्याकडे. धाग्याचे दोन सैल वेढे घ्या. आता अंगठ्याने बट वरून हलकेच दाबून दांडीभोवती पसरवा, म्हणजे केस वर, खाली, दोन्ही कुशींना सारखे वाटले जातील. वाटणी समाधानाची झाली की मगच धागा आवळा. आवळल्यावर वाटणी बदलता येत नाही. बुडखे कापून टाका आणि त्यांच्यावरून चार-पाच वेढे घट्ट घ्या.

आता बॉलपेनची रिकामी नळी घ्या. ती नेढ्यावरून सरकवत मागे दाबली की पुढे आलेले सगळे केस एकदम मागे वळतात. नळी तिथेच धरून धागा केसांच्या पुढे आणा. नळी काढा आणि दुसऱ्या हाताने केस मागे धरून त्यांच्या मुळाला टेकून धाग्याचे वेढे घालायला लागा, एकावर एक, उतरता बांध होईल असे. या क्षणी सगळं ठरतं. वेढे केसांच्या मुळाला नुसते टेकले तर केस बरेच उभे राहतात. थोडे मुळावर चढले तर केस जास्त मागे झुकतात. अंगावरच चढले तर केस पूर्ण आडवे पडतात, आणि मग एवढी उठाठेव करून नेहमीचीच फ्लाय हाती येते. एकदोन वेढ्यांनी कोन बदलतो, म्हणून प्रत्येक वेढ्यानंतर केस सोडून बघावं. हवा तो कोन मिळाला की बांधावर रेझिनचा लहानसा थेंब द्यावा आणि अतिनील (यूव्ही) टॉर्चने तो कडक करावा. रेझिन केसांत मुरू देऊ नये, नाहीतर केस मुळाशी ताठ होतात आणि त्यांची हालचाल जाते.

मग दांडीवर थोडं पुढे सरकून दुसरा टप्पा, आणि जागा असेल तर तिसरा. मागचे टप्पे लांब आणि विरळ ठेवतात, पुढचे आखूड आणि थोडे दाट. पुढच्या टप्प्याचे केस मागच्या टप्प्याच्या मुळांना झाकतात. मागच्याचे शेंडे त्यांच्याही मागे जातात. अशी एकात एक गुंतलेली माशाची रेषा तयार होते, डोक्यामागे उंच आणि शेपटीकडे निमुळती. वरच्या बाजूला काळपट-हिरवट केस, खाली पांढरे, कुशीला चार-पाच चमकीचे तंतू. मूठभर चमक घातली की मेहनतीने ठेवलेली पोकळी चमकीने भरते आणि फ्लाय खोटी दिसू लागते, म्हणून मी चमक नेहमी निम्मी करून पाहते.

अशी फ्लाय ओढली की केस पाण्याच्या जोराने अंगाला टेकतात, ओढ थांबली की परत बाहेर येतात. मासा पोहताना आखडतो-फुलतो तशी हालचाल त्यातून आपोआप मिळते. पाण्याबाहेर काढल्यावर एकदोन हेलकाव्यांत पाणी झडून जातं, कारण धरून ठेवायला आत काही नसतं. फुटाएवढी फ्लाय हवी असेल तर गळाची दांडी पुरत नाही. तेव्हा गळाच्या मागे तारेचा किंवा जाड नायलॉनचा दांडा जोडून त्यावरही असेच टप्पे बांधतात. पॉपोविक्स यांची बीस्ट नावाची फ्लाय याच घडणीची. तिला टप्पे जास्त लागतात, पण प्रत्येक टप्पा विरळच असतो.

इंट्रूडर ही स्टीलहेड माशासाठीची फ्लाय उत्तर-पश्चिम अमेरिकेत 1990च्या दशकात आली. एड वॉर्ड यांचं नाव तिच्याशी जोडलेलं आहे. पाणी वेगळं, मासा वेगळा, सामान वेगळं, तरी तिची युक्ती हीच. लांब दांडीवर फक्त मागे आणि पुढे अशा दोन जागी पिसं फुलवलेली, मधली दांडी उघडी. पिसं उभी राहावीत म्हणून त्यांच्या मागे लोकरीचा छोटा गोळा. तो टेकू असतो, पिसं आडवी पडू लागली की गोळा त्यांना रोखतो. ज्याच्याकडे पोकळ केस नाहीत त्याने हा टेकू शिकून घ्यावा, तो कुठल्याही केसांना आणि पिसांना लागू पडतो.

उंच पण अरुंद

वर सांगितलेली बांधणी चहूबाजूंनी गोल येते. बंकर किंवा तारलीसारखा चपटा मासा हवा असेल तर केस दांडीभोवती न वाटता दांडीच्या माथ्यावरच एकामागे एक बांधतात. याला हाय-टाय म्हणतात. मागून सुरुवात करायची. पहिली बट जवळजवळ आडवी. तिच्या बुडख्यांवर दुसरी बट, थोडी तिरकी. मग तिसरी, आणखी तिरकी. प्रत्येक बट आधीच्या बटीच्या मुळावर टेकते आणि तिला उठाव मिळतो. पाच-सहा बटी होईपर्यंत एक उंच पातळ भिंत तयार होते, बाजूने पाहिली तर भरगच्च आणि समोरून पाहिली तर बोटाएवढी रुंद. हवेत ती समोरून कापत जाते, त्यामुळे फेकायलाही त्रास कमी.

हिचं दुखणं वेगळं आहे. सगळे केस वरच्या अंगाला असल्याने फ्लाय पाण्यात कुशीवर कलंडते. उपाय म्हणून दांडीच्या खालच्या बाजूला शिशाच्या तारेचे थोडे तुकडे आधी चिकटवतात, किंवा पोटाखाली एक-दोन आखूड बटी देऊन तोल साधतात. बांधून झाल्यावर पाणी भरलेल्या बादलीत दोऱ्याने ओढून पाहिलं, तर कलंडते का ते लगेच कळतं. ही चाचणी चुकवू नये, कारण कलंडलेली फ्लाय फिरत राहते आणि पुढच्या दोराला पीळ बसतो.

कृत्रिम तंतूंची गोष्ट थोडक्यात. एन्रिको पुलिसी यांच्या नावाने मिळणारे तंतू छोट्या छोट्या झुपक्यांत दांडीच्या वर आणि खाली बांधतात आणि शेवटी कात्रीने माशाच्या आकारात छाटतात. हे तंतू पाणी शोषत नाहीत आणि आकार फार नेमका येतो, पण छाटलेली कडा बोथट दिसते, म्हणून कात्री आडवी न चालवता टोकाने कुरतडत छाटावी. तारेत तंतू पिळून केलेला ब्रश दांडीवर गुंडाळला तर काम पटकन होतं आणि गोलाईही छान येते. सांध्यासांध्याने हलणारी फ्लाय हवी असेल तर व्हर्जिनियाचे ब्लेन चॉकलेट यांची गेम चेंजर आहे. तिच्यात तारेच्या लहान दांड्या एकमेकींत अडकवून प्रत्येकीवर वाढत्या मापाचा ब्रश गुंडाळतात. पाण्यात तिचं पोहणं अप्रतिम असतं. पण वेळ फार जातो आणि वजनही वाढतं, तेव्हा सुरुवात तिथून नको.

हरणाच्या अंगावरचे केस दांडीभोवती फिरवून, आवळून आणि छाटून गोल डोकं करतात, तेही फ्लाय मोठी भासवण्याचंच साधन. कॅनडातल्या ऑन्टारिओत निपिगॉन नदीवर डॉन गेपन यांनी 1930च्या दशकात बांधलेल्या मडलर मिनोचं डोकं असं आहे. डोकं पाणी ढकलतं आणि त्याच्या मागच्या खळबळीत शेपटी हलते. माशाच्या कुशीला कंप जाणवणारी रेषा असते, तिला ही खळबळ कळते. गढूळ पाण्यात किंवा रात्री बाह्यरेषा दिसतच नाही, तेव्हा मी असंच रुंद डोकं पसंत करते.

भारतात बांधायचं तर

इथे एक गोष्ट ठणकावून सांगायला हवी. चितळ, सांबर हे प्राणी वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली संरक्षित आहेत. त्यांचं कातडं, केस विकत घेण्याच्या किंवा जवळ बाळगण्याच्या फंदात पडू नये. कुणी गावाकडून शेपटी आणून देतो म्हणाला तरी नाही. बकटेल बाहेरून मागवायची असेल तर प्राणिजन्य वस्तूंच्या आयातीचे नियम आधी बघून घ्यावेत.

नाहीतरी त्यावाचून अडत नाही. कोंबड्याची पिसं मुबलक आहेत. बकऱ्याच्या अंगावरचे लांब केस चांगले मऊ हलतात. ते भरीव असल्याने आपणहून फुलत नाहीत, म्हणून वर सांगितलेला टेकू द्यावा. लोकरीचा गोळा पाणी पितो, त्याऐवजी घासणीतल्या नायलॉनच्या ताठ तंतूंचं आखूड वर्तुळ मागे बांधलं तर उत्तम. स्वस्तात तंतू हवे असतील तर वेण्या लांब करायला मिळणारं कृत्रिम गंगावन पाहावं, त्यातलंही किंचित कुरळं. कुरळे तंतू एकमेकांना दूर ठेवतात, त्यामुळे थोड्या तंतूंत जागा भरते. सरळ गुळगुळीत तंतू भिजले की एकत्र चिकटतात आणि फ्लाय सुतळी होते. लोणावळ्याच्या वळवणमध्ये टाटा पॉवरने वर्षानुवर्षं ज्या महसीरांची पैदास चालवली आहे, तो मासाही लहान मासे खातो. त्याच्यासाठी नियमानुसार परवानगी असलेल्या पाण्यात आणि धरून सोडून देण्याच्या बोलीवर फ्लाय टाकायची, तर ती चार-पाच बोटांची पुरे. आकार लहान असला तरी पोकळ ठेवण्याचं तंत्र तेच.

भरदार फ्लायमध्ये एक धोका शेवटपर्यंत राहतो, आणि तो फ्लाय सुंदर झाल्यामुळेच बऱ्याचदा नजरेतून सुटतो. गळाचं टोक आणि दांडी यांच्यामधली फट केसांनी भरली तर मासा चावतो पण गळ लागत नाही. विशेषतः छाटून केलेल्या फ्लायचं पोट तिथे येतं. फट अर्धी तरी मोकळी दिसली पाहिजे. नसेल तर पोटाखालचे तंतू निर्दयपणे छाटावेत किंवा एक माप मोठा गळ घ्यावा. मोठ्या फ्लायला तीन-शून्य ते सहा-शून्य मापाचे गळ लागतात ते यासाठीच. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करावा. मासा सोडायला सोपं जातं, आणि फ्लाय मानेवर आलीच तर माणसालाही.

बांधून झालेली फ्लाय कोरडी असताना पसंत करू नये. ती पूर्ण भिजवा, एकदा झटका, आणि तशीच ओली खिडकीच्या उजेडासमोर धरा. बाह्यरेषा टिकून असेल आणि केसांमधून उजेड येत असेल तर बांधणी जमली. केस अंगाला चिकटून सुतळी झाली असेल तर बांधाचे वेढे केसांच्या अंगावर चढले आहेत. मधे काळा ठिपका दिसला तर केस जास्त झाले आहेत. दुसऱ्या दोषावर कात्रीने छाटणं हा उपाय नाही, केस मुळातून उपटून विरळ करावे लागतात. चिमट्याने एकेक केस ओढून काढला तरी बांध धरून राहतो, त्याची काळजी नको.

समुद्रावरून आल्यावर फ्लाय गोड्या पाण्याने धुवावी, मिठाने केस कडक होतात आणि गळ गंजतो. ओल्या फ्लायचे केस फणीने मागे विंचरून नेढ्यातून दोरा ओवून टांगून ठेवा, डोकं वर, शेपटी खाली. डब्यात ती दाबून भरायची नाही. वळलेले केस तसेच वाळले तर पुढच्या वेळी पाण्यात एका कुशीला ओढतात. रुंद प्लॅस्टिकच्या नळीत शेपटीकडून सरकवून ठेवली तर जागाही कमी लागते आणि निमुळतेपणा टिकतो. दबून वाकडी झालेली फ्लाय किटलीच्या वाफेवर चिमट्याने धरून फिरवली की केस पुन्हा सरळ होतात. रेझिनला मात्र वाफ जवळून लागू देऊ नका.